व्हॅनचे पाटे आणि वजनाचा हिशेब

शाळेची सामानाची व्हॅन भरली की मागून बसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. महेश्वरच्या सहलीचे तंबू, सतरंज्या, भांडी व शिधा एकाच खेपेत जावा म्हणून व्हॅनच्या मागच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवावी, अशी सूचना पालक सभेत आली. सूचना आपुलकीची होती, खर्चही बेताचा होता. तरी आम्ही ती स्वीकारली नाही. त्याची कारणे येथे मांडत आहोत.

पाटा म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. आपल्या इंदूरच्या गॅरेजात यालाच ‘कमानी’ म्हणतात. जितका भार तितका दाब, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून आम्ही हा गुण ‘प्रत्यास्थता’ या नावाने शिकलो. मराठी पुस्तकांत तो ‘स्थितिस्थापकता’ आहे. नाव कोणतेही असो, पाच सारख्या पट्ट्यांना सहावी जोडली की ताठपणा सुमारे २० टक्के वाढतो आणि गाडी कमी बसते. वजन मात्र तेवढेच राहते. मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितले, “सर, कमानी बदलने से एक्सल नहीं बदलता.” ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे जुन्याच क्षमतेचे. शिवाय काही गाड्यांत गाडी किती बसली यावरून मागच्या ब्रेकचा दाब ठरतो. तेथे पाटे ताठ केले, तर भरलेली गाडीही ब्रेकला हलकी वाटते.

आता विद्यार्थ्यांसाठी एक गणित. पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर आहे. मागच्या ॲक्सलच्याही ५० सेंटिमीटर मागे १०० किलोचे पोते ठेवले, तर मागच्या चाकांवर १२० किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा २० किलो कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सैल होते. जाम घाटाच्या उतारावर हे परवडणारे नाही.

म्हणून आम्ही पुढीलप्रमाणे केले. चपटे झालेले पाटे काढून कंपनीच्या मूळ मापाचे बसवले. झिजलेले बुश व शॉकॲब्सॉर्बर बदलले. यू-बोल्ट थोडी गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घेतले. टायरमधील हवा भरल्या गाडीच्या मापाने ठेवली. नोंदणी पुस्तकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उरलेला आकडा दाराच्या आत रंगवला. त्या आकड्यात चालकही मोजायचा आहे.

कायद्याचाही विचार केला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा आम्हाला व्हॅनच्या पुढे-मागे चालणाऱ्या मुलांच्या बसची काळजी अधिक आहे.

सहलीचे सामान दोन खेपांत जाईल. आठवीचे विद्यार्थी प्रत्येक गाठोडे काट्यावर तोलून वहीत लिहितील. जड वस्तू तळाशी आणि ॲक्सलच्या पुढे ठेवल्या जातील. दुसऱ्या खेपेच्या डिझेलचा खर्च विश्वस्तांनी मंजूर करावा व पालकांनी सामान एक दिवस आधी पोहोचवावे, ही नम्र विनंती.

आपले,
मुख्याध्यापक