वैमानिकाचे पाय

लढाऊ वैमानिक म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. मला मात्र ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर आठवतात ते पायी चालताना.

१९६५च्या युद्धात त्यांच्या विमानावर गोळीबार झाला, खांदा जखमी झाला, तरी उडी न मारता त्यांनी विमान परत आणलं. ही झाली सिनेमात शोभणारी गोष्ट. १० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि पुढचे महिने गेले रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. ऑगस्ट १९७२मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांसह भिंतीला भोक पाडून ते निसटले. वैमानिक जी-सूट घालतात तो वेगवान वळणात रक्त पायांत उतरू नये म्हणून. त्यातल्या फुगणाऱ्या पिशव्यांत यांनी प्यायचं पाणी भरलं! रात्रीची बस धरून पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सीमा चारेक मैलांवर राहिली होती. तिथल्या बाजारात त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली आणि घात झाला. ते रेल्वे स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं. ज्याला हे ठाऊक नाही तो इथला नव्हेच, हे लोकांनी लगेच ओळखलं. जेटने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पार झालं असतं ते अंतर. अडवलं कुणी, तर गाडी न येणाऱ्या एका स्टेशनाने.

आकाशातलं युद्ध शेवटी असं जमिनीवर येतंच. आम्हा कल्याणजवळच्या मोहनेकरांना तर ते पाहायला लांब जायला नको. कल्याण ओलांडून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की नेवाळी येतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली, ती शेतांवर. युद्ध १९४५ साली संपलं, विमानं गेली. जमीन काही परत आली नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार. नौदल म्हणतं, जागा आमची. जून २०१७मध्ये त्याच जागेवरून रस्ते अडले, गाड्या पेटल्या.

हिंसेचं समर्थन कुणीच करू नये. पण परुळकरांसारख्यांच्या शौर्याला सलाम ठोकायचा आणि धावपट्टीखालच्या सातबाऱ्याचा प्रश्न दशकानुदशकं भिजत ठेवायचा, हा निव्वळ कोडगेपणा झाला.