अरे, अहो आणि आपण

‘आदरार्थी बहुवचन’ हा शब्द फळ्यावर लिहून आम्ही पुढे सरकतो. महाडात मात्र तो इतका सहज ओलांडता येत नाही. १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह केवळ पाण्यासाठी नव्हता, समान माणूसपणासाठी होता. त्या काळी पिकल्या केसांच्या अस्पृश्यालाही सवर्णांचे पोर ‘अरे’ म्हणे. एस्टोनियनमध्येही ‘सिना’ आणि ‘तेये’ असा भेद आहे; तेथे वय-परिचय पाहतात, आपल्याकडे जातही पाहिली गेली. (देवाला आणि आईला आपण बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो, ते निराळे.) पोलादपूरकडची आमची मुले आम्हांला ‘तुम्ही’ म्हणतात, शिपाईमामांना ‘तू’. त्यात जिव्हाळा किती, उतरंड किती? मामा मात्र, वयाने वडील असूनही, आम्हांला ‘आपण’ म्हणतात.