पिच्चावरमचे चर

समुद्राशी आम्हा परभणीकरांचा संबंध मिठापुरता. गंगाखेडला गोदावरीत भोई जाळे टाकतात, तेवढे पाहिलेले. असा मी सिकंदराबाद, चेन्नई करीत चिदंबरमला उतरलो तो नटराजाच्या दर्शनाला. सोबतीला तंजावरचे एक मराठी गृहस्थ होते. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात. दर्शन झाल्यावर म्हणाले, "देव पाहिलात, आता झाडांनी राखलेले गाव पाहा." आणि मला पिच्चावरमच्या खाडीत होडीत बसविले.

दोन्ही अंगांना तिवर आणि कांदळ. कांदळाची मुळे बुंध्यातून बाहेर पडून चिखलात पाय रोवून उभी. या मुळांतच कोळंबीची पिल्ले वाढतात.

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांत लाट या किनाऱ्यावर आली. एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. इथे समुद्राकडच्या वाळूच्या पट्टीवरची एम. जी. आर. तिट्टूची वस्ती धुऊन निघाली. बनाच्या आडोशाला असलेले टी. एस. पेट्टै मात्र बचावले. जमिनीची उंची, समुद्रापासूनचे अंतर यांचाही त्यात वाटा असेल. पण नावाडी मुळांकडे बोट दाखवून काही बोलला, त्याचे भाषांतर करावे लागले नाही.

मग मदतीचा पूर आला. ओंडके बांधून केलेली कट्टुमरम गेली, त्यांच्या जागी फायबरच्या बोटी आल्या. काही गावांत तर पूर्वीपेक्षा जास्त. बोटी वाढल्या, मासे थोडेच वाढणार!

मला गुंतवून ठेवले ते चरांनी. इंग्रजी अमदानीपासून या बनाची पाळीपाळीने सरसकट तोड झाली. उघडा पडलेला चिखल उन्हाने सुकून खचला, खोलगट झाला. भरतीचे पाणी त्यात शिरे, पण ओहोटीला बाहेर पडेना. पाणी वाफ होऊन जाई, मीठ मागे राही, आणि तिवरसुद्धा तगेना. हे ऐकले मात्र, मी होडीत ताठ बसलो. अहो, हे तर आमचे चोपण! जायकवाडीचा कालवा आल्यावर आमच्याकडेही काही शिवारे अशीच पाणी साचून, मीठ वर येऊन बिघडली.

उपाय आमच्याकडे सांगतात तोच. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने वनखाते आणि गावकरी यांना बरोबर घेऊन लाटेच्या आधीच, 1990 नंतरच्या दशकात, इथे चर खणले. मधे मोठा चर, त्याला तिरपे फुटलेले लहान, थेट माशाच्या काट्यासारखे. पाणी आत-बाहेर खेळू लागले, मीठ उतरले, मग रोपे लावली. लाटेनंतर इतरत्र किनाऱ्याला झाडांची भिंत उभारायची टूम निघाली, पण पुष्कळ ठिकाणी घाईने सुरूच लावला गेला. सुरूखाली कोळंबी कुठून वाढणार?

"आता झाले ना काम?" मी विचारले. गृहस्थांनी नावाड्याला विचारून सांगितले, "चर गाळाने भरतात, पुन्हा उपसावे लागतात. बोट द्यायला खूप जण आले होते. गाळ उपसायला पैसे मागितले की कोणी ऐकत नाही."

त्याच वेळी ओहोटी लागली आणि एका अरुंद चराच्या तोंडाशी आमची होडी रुतली. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून मीही उतरलो. चिखल थेट आमच्या काळ्या रानासारखा. पाय वर आला, चप्पल खालीच राहिली.