गोळी कोणाला लागू पडते?

मऊ ऊतींच्या कर्करोगाचे, म्हणजे सार्कोमाचे, पन्नासहून अधिक उपप्रकार आहेत. त्यातला 'जिस्ट' जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत उगवतो. पूर्वी तो पसरला की आम्ही कर्करोगतज्ज्ञ हतबल होत असू. केमोथेरपीला तो दाद देत नसे आणि बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षात जात.

1998 मध्ये जपानच्या हिरोता आणि किटामुरा यांच्या गटाने या आजाराचे मूळ शोधले: 'केआयटी' जनुकातला बिघाड. या बिघाडामुळे पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. इमॅटिनिब ही गोळी तो हुकूमच तोडते. मार्च 2000 मध्ये हेलसिंकीत हाइक्की योएन्सू यांनी एका महिलेला ही गोळी सुरू केली आणि महिन्याभरात पेट स्कॅनवरची गाठींची चमक मावळली. पुढे 147 रुग्णांच्या चाचणीत निम्म्याहून अधिकांच्या गाठी चांगल्याच आटल्या. त्या गटातले निम्मे रुग्ण पावणेपाच वर्षांहून अधिक जगले.

हे यश सरसकट नाही. बिघाड केआयटी जनुकाच्या एक्झॉन 11 या भागात असेल तर रोजचे 400 मिलिग्रॅम उत्तम काम करते. एक्झॉन 9 मध्ये असेल तर बऱ्याचदा 800 लागतात. 'पीडीजीएफआरए' जनुकात डी842व्ही बदल असेल तर इमॅटिनिब जवळजवळ निरुपयोगी ठरते. तिथे अवाप्रिटिनिब हे दुसरे औषध हवे. इतर सार्कोमांत चित्र अजून फिके आहे. 2012 च्या चाचणीत पॅझोपॅनिब या औषधाने आजार रोखून धरण्याचा काळ 1.6 महिन्यांवरून 4.6 महिन्यांवर नेला, पण एकूण आयुष्य ठोसपणे वाढल्याचे दिसले नाही. नेमके लक्ष्य माहीत नसले की असेच होते.

जिस्टचे स्कॅन वाचतानाही सावध राहावे लागते. औषध लागू पडले की गाठ आधी आतून मरते. सीटीवर ती काळपट दिसते, पण आकार तेवढाच राहतो, कधी थोडा वाढतोही. नुसती पट्टी लावून 'आजार वाढला' म्हटले, तर चांगले चाललेले औषध बंद होते.

आणि स्कॅन छान आला की रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आता गोळी सोडू का?" पसरलेल्या जिस्टमध्ये माझे उत्तर 'नाही' असेच असते. फ्रान्समधल्या अभ्यासात वर्षभरानंतर गोळी थांबवलेल्या बहुतेकांचा आजार पुन्हा उसळला. ही गोळी आजाराला लगाम घालते, त्याला मुळासकट उपटत नाही. तिच्यामुळे पापण्या सुजतात, पायात गोळे येतात. ते आम्हाला सांगा, त्यावर उपाय आहेत.

1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबचे पेटंट नाकारले आणि भारतात स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. औषध आवाक्यात आले, आता तपासणीची सवय लागायला हवी. घरात कोणाला जिस्ट झाला असेल, तर बायोप्सीचा ब्लॉक जपून ठेवा, जनुकतपासणीचा रिपोर्ट मागून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.