वाघ नसलेले फोटो

२०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी वन्यप्राण्यांचे ३,४८,५८,६२३ फोटो टिपले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. गिनीज बुकात नोंद झाली, मथळे झाले. भागाकार केला तर साधारण साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक येतो. बाकीच्यांत सांबर, भेकर, रानडुक्कर, साळिंदर, अस्वल, ससा. त्यांना मथळ्यात जागा नाही. मला मात्र ओढ त्यांचीच जास्त.

*

कॅमेऱ्याची पेटी झाडाला गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. तिचा डोळा उष्णतेचा. भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून हललं की फोटो निघतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी जमीन, दगड आणि जनावर सगळी सारखीच तापली की हा डोळा मंदावतो. उन्हात डोलणाऱ्या गवतावर मात्र त्याचा भारी जीव. नुसत्या गवताच्या हजारो फोटोंनी कार्ड भरून ठेवतो. म्हणून पेटी लावायला जाताना विळा हवाच. समोरचं गवत कापायचं, आणि तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करायचं, म्हणजे उगवता-मावळता सूर्य आत शिरत नाही. एवढं करूनही मुंग्या आत बिऱ्हाड करतात, अस्वल पेटी चावून पाहतं, कोकणातल्या पावसात भिंगावर बाष्प धरतं.

वाघासाठी पेट्या जोडीनं लागतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. जोडी नसेल आणि एका ठिकाणी डावी बाजू आली, दुसऱ्या ठिकाणी उजवी, की एकाच वाघाचे दोन वाघ व्हायला वेळ लागत नाही.

*

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी. १९२० च्या दशकात ते वाटेवर कॅमेरा लावून तार ताणून ठेवत. तारेला वाघाचा पाय लागला की लखलखाट व्हायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढून जायचा. साहेबलोक बंदुका घेऊन मचाणावर बसत त्या काळातली ही गोष्ट. चॅम्पियन यांचं पुस्तक १९२७ साली आलं. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो हेही त्यांनी हेरलं होतं.

या ओळखीचा मोजणीसाठी उपयोग करणारा व्याघ्रसंशोधक उल्हास कारंथ यांचा कर्नाटकातल्या नागरहोळेवरचा शोधनिबंध आला १९९५ मध्ये. मधली कितीतरी वर्षं आपण पायांचे ठसे मोजत होतो. काचेवर गिरवून, प्लास्टर ओतून. जुन्या वनरक्षकाला ठशातून पुष्कळ कळतं यात शंका नाही. पण देशातला प्रत्येक वाघ ठशावरून वेगळा काढता येतो, हा दावा टिकला नाही. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. मग पद्धत बदलली.

*

फोटोंवरून मोजणीचा हिशेब असा. पहिल्या फेरीत दहा बिबटे ओळखले. दुसऱ्या फेरीतही दहाच आले, त्यांतले पाच ओळखीचे. म्हणजे आपल्या ओळखीचे निम्मेच आहेत, एकूण असतील अंदाजे वीस. खरं गणित याहून पुष्कळ किचकट, पण गाभा एवढाच. अट अशी की प्राणी वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. वाघाला पट्टे आहेत, बिबट्याला ठिपक्यांची फुलं आहेत, तरसालाही पट्टे आहेत. भेकराला काय आहे? भेकराचे शंभर फोटो शंभर भेकरांचे असतील किंवा रोज त्याच वाटेनं पाण्यावर जाणाऱ्या एकट्या भेकराचे. नुसते फोटो मोजून कुणी भेकरं वाढल्याची बातमी दिली तर ती बाजूला ठेवावी.

*

अकोले तालुका, आताचा अहिल्यानगर जिल्हा. कॅमेऱ्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोलाचं काम मी कुठलं मानतो असं कुणी विचारलं तर ताडोबा नाही, हे.

कॅमेरे लावले त्या भागात जंगल म्हणावं असं काही नव्हतं. ऊस, वस्त्या, प्रवरेचं पाणी, आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या शेतीच्या मुलखात कॅमेरे लावले. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे, आणि तितकेच तरस! शिवाय ठिपक्यांची लहानशी मांजर, रानमांजर, जवादी, कोल्हा, खोकड, मुंगूस. आणि त्याच वाटांवरून जाणारी गावातली माणसं.

तोवर बिबट्या गावात ‘शिरतो’, ‘भरकटतो’, जंगल सोडून ‘येतो’ अशीच सगळी भाषा होती. या फोटोंतले बिबटे कुठून आलेले नव्हते, ते तिथले राहणारेच होते. मग ते खातात काय? विष्ठेतल्या अवशेषांवरून तेही तपासलं गेलं. खाद्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, शेळ्यांचा ११. गावात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट, पण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकाट. पिंजरा लावून बिबट्या पकडा म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी आधी गावातला उकिरडा आणि गोठ्याचं दार पाहावं, हे माझं मत या आकड्यांनी पक्कं केलं.

*

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला २०१० मध्ये. त्यातल्या चांदोलीत कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला मे २०१८ मध्ये. तो फोटो यायच्या आदल्या दिवसापर्यंत “इथे वाघ नाहीत” म्हणणाऱ्यांकडे पुरावा म्हणून नुसते रिकामे फोटो होते.

*

पिसोरी हे आपल्याकडचं सशाएवढं, हरणासारखं जनावर. तिची व्हिएतनाममधली एक बहीण, रुपेरी पाठीची, १९९० नंतर शास्त्रज्ञांच्या हाती लागलीच नव्हती. तिचे फोटो मिळाल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. कॅमेरे कुठे लावायचे ते मात्र आधी गावकऱ्यांना आणि तिथल्या वनरक्षकांना विचारून ठरवलं होतं. त्यांना ती पिसोरी हरवल्याचं ठाऊकच नव्हतं.

*

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून करायची वन्यप्राण्यांची गणना आता ‘निसर्गानुभव’ म्हणून होते. नाव बदललं ते बरं झालं. त्या आकड्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता आणि रात्र मात्र अजूनही अनुभवण्यासारखी असते.

*

कार्डावर माणसंही येतात. मोळी घेतलेल्या बाया, गुराखी, मध काढणारे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिजच्या संशोधकांनी याचा अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बायका जंगलात जाताना मोठ्यानं गात, बोलत. त्यानं जनावरही दूर राहतं. कॅमेरे आल्यावर आवाज दबले. आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. मला त्यात गावकऱ्यांची चूक दिसत नाही.

तेव्हा पेट्या बांधणाऱ्यांना विनंती. ग्रामसभेत आधी सांगा, कुठल्या वाटेवर किती दिवस ते सांगा, झाडाशेजारी मराठीत पाटी लावा आणि कार्ड उघडल्यावर माणसांचे फोटो सर्वांत आधी पुसा.