राक्षसाला कोण घाबरतं?

सुट्टीत शेजारची पोरं जमवून मी फाशांचा कथाखेळ मांडते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, वार बसला की चुकला ते फासा ठरवणार. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जातीचाच खेळ; गोष्टी मात्र मी दास्तान-ए-अमीर हमजाच्या वळणाच्या रचते.

पण पोरं राक्षसाला घाबरत नाहीत. हातात तलवार असली की राक्षस म्हणजे नुसता हिशेब. दहा डोक्यांचा आणा, ती फासे जास्त टाकतील, एवढंच!

भीतीची वाट मला अमर अय्यारानं दाखवली. तो वेष पालटून जादूगारांच्या गोटात शिरतो, तेव्हा वाचणाऱ्याला हसू येतं. आता जादूगाराच्या बाजूनं बघा: रोज पाणी देणारी दासी आज ती नाहीच. मग मी पोरांना गोष्टीतून पन्हाळ्याच्या अंधारबावीत नेलं. चौघं पायऱ्या उतरले, वर पाच आले. पाचही चेहरे ओळखीचे. फाशाला कुणी हात लावेना.

जिन्न मात्र मी खेळात आणत नाही. ड्रॅगन खोटा हे पोरांना ठाऊक असतं. जिन्नांच्या नावाची सूरा कुरआनात आहे. दिवा मालवल्यावर ती गोष्ट पोराबरोबर अंथरुणात जाते, आणि तिथं मी नसते.

आता खेळाआधी बिननावाच्या चिठ्ठ्या घेते: गोष्टीत काय नको? परवा एकीवर लिहिलं होतं, ‘विहीर’. त्या दिवशी आम्ही जंगलातच हिंडलो.