बोडका

कुशनवाल्याच्या दुकानात दुपारचं ऊन अर्ध्या शटरपर्यंतच येतं, आणि त्या उन्हात फोमचे बारीक कण तरंगत असतात, पिठाच्या गिरणीत तरंगावेत तसे. सोफ्याच्या बैठकांची कातरणं कोपऱ्यात ढिगाने पडलेली. मी अर्ध्या इंचाची शीट मागते. कशाला, असं तो आता विचारत नाही. पहिल्यांदा विचारलं होतं आणि 'बाहुल्यांना' हे उत्तर ऐकून स्वतःच थोडा लाजला होता. तळहात फोमवर दाबतो, उचलतो. "बघा ताई, लगेच वर आला. काही लक्षात ठेवत नाही."

विकणाऱ्याच्या दृष्टीने हा गुणच.

घरी जमिनीवर शीट पसरली की खोली एकदम मऊ होते, आवाजसुद्धा त्यात बुडतात. कटरला नवं पातं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, कुरतडतं. ब्लाउजला शिंपी टक्स घालतो तशा कडेने निमुळत्या फाका काढून टाकायच्या, उघड्या पडलेल्या दोन्ही कडांना सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, स्वयंपाकघरातला कुकर दोनदा शिट्टी देईपर्यंत, मान अवघडेपर्यंत. मग कडेला कड भिडवायची, एकदाच, कारण भिडलेली कड पुन्हा सुटत नाही, आणि एक फाक मिटते, दुसरी मिटते, तिसरी मिटताना हातातलं ते सपाट, निर्जीव, गादीच्या पोटातलं काहीतरी हळूच फुगून वर उचललं जातं.

सपाटाला कपाळ फुटतं.

इतकी डोकी केली, तरी या क्षणी मी दर वेळी श्वास रोखते.

तोंड मात्र हिशेबाचं काम. जाड पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल, मध्ये बिजागरीसारखी कापडी पट्टी, वर चार बोटांची जागा, खाली अंगठ्याची. नवशिका हात वरची चार बोटं उचलून बोलतो, मग बाहुली प्रत्येक शब्दाला छताकडे बघून आ वासते. सरावलेला हात वरचा जबडा स्थिर ठेवतो आणि फक्त अंगठा सोडतो. सगळं बोलणं अंगठ्यात असतं. लहानपणी दूरदर्शनवर लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला रामदास पाध्यांचा ससा हसायचा, तेव्हा मी पापडाकडे कधी पाहिलंच नाही. त्या हसण्याच्या आत कुणाचा तरी हात आहे, हे कळल्यावर आधी वाईट वाटलं आणि मग रात्रभर पांघरुणाखाली माझा अंगठा हलत राहिला.

बोडका हा त्या सगळ्या हलण्याचा उशिराचा हिशेब. हळदीच्या रंगाचं फ्लीस ओढून बसवलेलं गोल डोकं. केस नाहीत, नाक नाही, डोळेही नाहीत. वेल्क्रोची काटेरी बाजू फ्लीसला आपोआप धरते, म्हणून सगळे अवयव डब्यात वेगळे: लोकरीचा अंबाडा, कावळ्याची चोच, हवालदाराच्या मिशा, पिंगपाँगच्या चेंडूचे अर्धे कापलेले डोळे. १९५५ साली जिम हेन्सनने आईच्या जुन्या कोटातून पहिला कर्मिट बेतला, त्याचेही डोळे असल्याच चेंडूचे होते. पुढे 'सेसमी स्ट्रीट'वर कोऱ्या चेहऱ्यांची माणसं आली, आज आजोबा तर उद्या पोस्टमन. त्यांना 'एनीथिंग मपेट' म्हणत. मला आपला 'बोडका' पुरतो. बुबुळं नाकाकडे जराशी झुकवून लावली की तो समोरच्याकडे बघतो. सरळ मधोमध लावली तर आरपार बघतो, एखाद्या जुन्या दुःखाकडे बघावं तसा.

बालवाचनालयात एका शनिवारी गोष्ट संपली आणि मी अंबाडा, चष्मा, डोळे उतरवून डब्यात ठेवत होते. पाचेक वर्षांची एक मुलगी तिथेच थांबली होती.

"आता हा कोण आहे?"

"कुणीच नाही."

तिला ते पटलं नाही. तिने हात आत घातला. पोकळी माझ्या मापाची. तिची बोटं टोकापर्यंत पोचेनात आणि बोडक्याची मान आपोआप खाली गेली, दमलेल्या म्हाताऱ्यासारखी. मग तो सावकाश वळला आणि तिच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे बघू लागला. डोळे नसताना. ती काही बोलली नाही, त्यालाही बोलवलं नाही. बाहेर रिक्षा वाजत होत्या, पंखा वाजत होता, आणि तो त्या छोट्या तळहातावरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिला.

मी डबा बंद करायची विसरले.

याला आता बारा पावसाळे झाले. फोमला उजेड सोसत नाही, हवाही नाही; आधी तो पिवळा पडतो, मग आतून भुगा होऊ लागतो. अलीकडे हात बाहेर काढला की बोटांवर पिवळसर धूळ येते, झेंडूच्या परागांसारखी. फ्लीस अजून धडधाकट आहे, बाहेरून कुणाला कळणार नाही. काल त्याच्या आत टॉर्च मारून पाहिलं. खालच्या जबड्यात, अंगठा टेकतो तिथे, एक खळगा पडला होता. दाबून सोडला.

वर आला नाही.

नवी शीट खोलीभर पसरलेली आहे. कटरला पातं लावलंय. खळग्यात अंगठा ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. तो बरोबर बसत होता, नखाच्या कडेपर्यंत.